‘डिस्पिरिटेड’ नेमकं कोणाला म्हणायचं?

पूर्णाकाठ
दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना इंग्रजी शिकवतो. बहुतेक सगळे तलाठी भरतीवाले. त्या पेपरात शंभरातले पंचवीस प्रश्न इंग्रजीचे असतात आणि आपली पोरं मार खातात ती तिथंच. परवा सरावाला समानार्थी शब्दाचा प्रश्न होता. शब्द डिस्पिरिटेड, पर्याय एक्झॉस्टेड, डिसहार्टन्ड, डिसअपॉइंटेड आणि डिप्रेस्ड. उत्तर डिसहार्टन्ड, त्यात वाद नाही. पण एका पोरीनं विचारलं, “सर, डिप्रेस्ड का नाही? पेपरात आपल्याकडच्या शेतकऱ्यांबद्दल तेच छापून येते.”

गाइडात या शब्दापुढे ‘निरुत्साही’ असं लिहिलेलं आहे. तेवढ्यावर वाक्यं करायला सांगितली तर ही आली:

माय फादर इज अ डिस्पिरिटेड पर्सन.
द रेन वॉज व्हेरी डिस्पिरिटेड.
आय ॲम डिस्पिरिटेड फ्रॉम कॉटन.

तिसरं वाक्य चूक आहे, पण मला फार आवडलं. माझं म्हणणं असं की सगळा घोळ त्या ‘निरुत्साही’नं केलाय. निरुत्साही माणूस जन्माचाही असू शकतो. डिस्पिरिटेड माणसात आधी दम होता आणि कशानं तरी तो गेला, हे त्या शब्दात धरलेलं आहे. जाणकारांनी यावर लिहावं. वापराच्या खाचाखोचाही सांगाव्यात, पोरांना दाखवीन.

शब्दवेडी
छान विषय. मी नागपूरला अनुवादाचं काम करते, त्यामुळे हा शब्द दर महिन्या-दोन महिन्यांनी समोर येतोच.

तुमच्या म्हणण्याला शब्दाची घडणच दुजोरा देते. यात मूळ क्रियापद आहे: डिस्पिरिट, म्हणजे कोणाची तरी उमेद मारणे. इंग्रजीत ते सतराव्या शतकापासून आहे. डिस्पिरिटेड हे त्याचं कर्मणी रूप. त्यामुळे ‘कशामुळे?’ हा प्रश्न या शब्दाला चिकटलेलाच असतो. शाय किंवा लेझी म्हटलं की ‘कशामुळे’ विचारावंसं वाटत नाही. इथे वाटतं.

स्पिरिट लॅटिनमधून आला. तिथे स्पिरिटस म्हणजे श्वास. इन्स्पायर, एक्सपायर, रेस्पिरेशन ही सगळी त्याच घरची मंडळी. पोरांना एक्सपायर माहीत असतंच, औषधाच्या पाकिटावरून.

आता खाचाखोचा.

स्पेलिंगमध्ये एस एकच. डिस आणि स्पिरिट जोडताना दोन यायला हवे होते, पण एक गळाला. डिससॅटिस्फाइडमध्ये मात्र दोन्ही टिकले. परीक्षेत या दोघांची अदलाबदल हमखास होते.

तुमचं पावसाचं वाक्य चुकलं ते ईडी आणि आयएनजीच्या घोळात. ज्याची उमेद गेली तो डिस्पिरिटेड, ज्यानं घालवली ते डिस्पिरिटिंग. पाऊस डिस्पिरिटिंग, पेरणी करून आभाळाकडे बघत बसलेला माणूस डिस्पिरिटेड. बोअर्ड आणि बोअरिंगला जो नियम, तोच इथे. फक्त एक अपवाद लक्षात ठेवायचा: माणसाची अवस्था ज्यातून दिसते अशा गोष्टींना ईडी चालतं. डिस्पिरिटेड व्हॉइस, डिस्पिरिटेड लुक, डिस्पिरिटेड परफॉर्मन्स हे सगळं बरोबर. डिस्पिरिटेड ट्रॅक्टर नाही.

कापसाच्या वाक्यात फ्रॉम नको, बाय हवं. आणि नुसता कापूस म्हणून भागणार नाही, कापसाचं काय झालं ते सांगावं लागेल. डिस्पिरिटेड बाय द फॉलिंग प्राइस ऑफ कॉटन. वडिलांच्या वाक्यातून ‘अ’ आणि ‘पर्सन’ काढून टाका, कारण जोडा. ते दोन शब्द असले की वडिलांचा स्वभावच तसा आहे असं वाटतं.

वाचनमात्र
स्पिरिट म्हणजे दारू ना? मग दारू सुटलेला माणूस डिस्पिरिटेड.

रोवणी
मग आमचा अख्खा गडचिरोली जिल्हा दारूबंदीमुळे १९९३ पासून डिस्पिरिटेड. चंद्रपूरवाले २०१५ ला झाले आणि २०२१ ला बरे झाले.

धुऱ्यावरचा
कागदावर.

पूर्णाकाठ
😀 वर्गात हा विनोद माझ्या आधी पोरांनीच केला. एक मात्र झालं, शब्द आता कोणी विसरत नाही.

धुऱ्यावरचा
मास्तर, मले इंग्रजी एवढं येत नाई, पन मराठीचं सांगतो. आमच्या गावात निरुत्साही कोनी म्हनत नाई. म्हनतात, “त्यानं हाय खाल्ली.” पीक गेलं, हाय खाल्ली. पोरगी गेली, हाय खाल्ली. हाय कशाची तरी खाल्ली जाते, उगाच नाई. तुमचं ‘कशामुळे’ यातच आलं. नाई तं मंग “पार खचला गडी”. खचते कोन? जे उभं होतं ते. आदीच पडलेलं काय खचनार?

शब्दवेडी
अगदी बरोबर. शब्दकोशात मी बसवला असता तर ‘खचलेला’ हाच पहिला घातला असता. नाउमेदही जवळचा आहे, पण आता तो भाषणातच ऐकू येतो. हताश थोडा पुढचा, त्यात आशाच संपलेली असते. हिरमुसला हा लहान, संध्याकाळपर्यंत फिटतो. जत्रेत फुगा न मिळालेलं पोर हिरमुसतं, खचत नाही. हिरमुसल्याला इंग्रजीत क्रेस्टफॉलन चालेल, म्हणजे तुरा खाली पडलेला कोंबडा.

‘हाय खाल्ली’मध्ये धक्क्याचा भाग जास्त आहे असं मला वाटतं. डिस्पिरिटेडला एकच मोठा धक्का लागतो असं नाही. हळूहळू झिजूनही माणूस तिथे पोचतो. सतत नकार आले, हेलपाटे झाले, की होतं ते.

धुऱ्यावरचा
हाय बी हळूहळू खाता येते ताई. आमच्याकडे या.

मुक्काम पुणे
मूळ गाव वाशीम जिल्ह्यात, नोकरीमुळे बाहेर. मला वाटतं आपण शब्दाचा कीस पाडतोय. गावी गेलो की सगळीकडे हेच दिसतं. पारावर पोरं मोबाइल घेऊन बसलेली, म्हातारे गप्प, कोणाला काही करायची इच्छा नाही. विदर्भाच्या शेतकऱ्याचं वर्णन करायला एकच शब्द हवा असेल तर डिस्पिरिटेड हाच. इंग्रजी लेखांतही तो वाचलाय, चुकीचा वाटला नाही.

धुऱ्यावरचा
भाऊ, तुम्ही येता दिवाळीत. तवा सोयाबीन निघालं असते, कापूस येचाचा असते, दोन दिवस मानूस पारावर बसला तं तुमाले थो खचलेला दिसला. जूनमधी या. खारपानपट्ट्यात विहीर खांदली तं पानी खारं लागते, म्हनून सगळं आभायावर. तरीबी दरसाल पेरते. मागच्या साली बियानं निघालं नाई म्हनून दुसऱ्यांदा पेरलं. दुसऱ्यांदा पेरनाऱ्या मानसाले तुम्ही डिस्पिरिटेड म्हनसान?

मुक्काम पुणे
पर्याय नाही म्हणून पेरतो, उमेद आहे म्हणून नाही.

धुऱ्यावरचा
हे तुमाले कसं समजलं?

शब्दवेडी
दोघांच्या मध्ये पडते. एखाद्या माणसाविषयी ‘ही वॉज डिस्पिरिटेड बाय द सेकंड सोइंग’ म्हणणं वेगळं आणि ‘द डिस्पिरिटेड फार्मर्स ऑफ विदर्भ’ म्हणणं वेगळं. दुसऱ्यात कारण गळालं, वेळ गळाली, माणूसही गळाला. विशेषण नामाच्या आधी लावलं की ते कायमचं चिकटल्यासारखं होतं. बातम्यांच्या अनुवादात मी हे रोज बघते. व्याकरणात काही चूक नसते, पण वाचणाऱ्याला वाटतं की ही माणसं असतातच अशी. अकरा जिल्हे, पूर्वेकडच्या झाडीपट्टीतला धानवाला वेगळा, वऱ्हाडातला कापूसवाला वेगळा, संत्रावाल्याचं दुखणं तिसरंच. सगळ्यांवर एक विशेषण कसं टाकणार?

रोवणी
धानवाल्यांना कोणी विचारतच नाही. डिस्पिरिटेडमध्ये पण नंबर नाही लागला आमचा.

पूर्णाकाठ
मुक्काम पुणे, तुमचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण तुम्ही तीन गोष्टी एकात मोजताय असं वाटतं, आणि परीक्षेतले चार पर्याय नेमके त्यावरच बेतलेले असतात. एक पाहिलेलं सांगतो.

२०२४ चं सोयाबीन. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात भाव त्याच्या खाली. खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट १२ टक्के होती, केंद्र सरकारनं ती १५ पर्यंत सैल केली तोवर नोव्हेंबर अर्धा झाला होता. त्याच्या आधीच एका केंद्रावर शेजाऱ्यासोबत गेलो होतो. पुढे दोघं होते. पहिल्याच्या मालात मशीननं साडेतेरा दाखवले. त्यानं आकाशपाताळ एक केलं. मशीनच खराब आहे म्हणाला, दुसऱ्या पोत्यातलं घ्या म्हणाला, ग्रेडरच्या सात पिढ्या काढल्या, मग मूठभर दाणे तोंडात टाकून सगळ्यांना कडकड आवाज ऐकवला, वाळलेलं आहे म्हणून. हा फ्रस्ट्रेटेड. याच्यात राग आहे, म्हणजे बळ आहे.

दुसऱ्याच्या मालाला तेरा आले. तो काही बोलला नाही. किती आले हेही त्यानं नीट ऐकलं नसावं. पोत्याचं तोंड सुतळीनं पुन्हा बांधलं, एक गाठ, दुसरी गाठ, आणि गाडीवाल्याला म्हणाला, “चाल, देऊन टाकू व्यापाऱ्याले.” भाव विचारला नाही. माझ्या शेजाऱ्यानं त्याला सांगितलं की वाळवून चार दिवसांनी परत आण, तर “हाव” म्हणाला आणि गेला. हा डिस्पिरिटेड.

डिसअपॉइंटेड कोण, तर माझा शेजारी. त्याचा नंबरच आला नाही त्या दिवशी. चेहरा पाडून घरी आला, जेवला, सकाळी पुन्हा रांगेत. अपेक्षा मोडली की डिसअपॉइंटेड. पुन्हा अपेक्षा करायचीच सोडली की डिस्पिरिटेड. पारावरची जी पोरं तुम्हाला दिसली त्यातली कोण कुठल्या खान्यात आहेत हे त्यांच्याशी बोलल्याशिवाय सांगता यायचं नाही. काही तर नुसती क्रिकेट पाहत असतात.

शब्दवेडी
तो सुतळीवाला माणूस शब्दकोशात टाकायला हवा.

आपण सोडलेला चौथा पर्याय एक्झॉस्टेड. तो साधा आहे, थकलेला. झोप काढली की जातो. डिस्पिरिटेड माणूस दिवसभर काहीच न करताही तसाच असतो.

मुक्काम पुणे
ठीक. ‘बोलल्याशिवाय’ हा मुद्दा मान्य. पण मग पोरीचा मूळ प्रश्न राहिलाच. डिप्रेस्ड का नाही?

उपकेंद्रवाली
इथे मी लिहिते. यवतमाळ जिल्ह्यात एका उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. इंग्रजीची गोष्ट इतरांनी पाहावी, पण हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरले की आमच्याकडे खरंच घोळ होतो.

डिप्रेस्ड बोलीभाषेत कोणीही कशालाही म्हणतं. मॅच हरली, डिप्रेस्ड. पण दवाखान्यात तो आजार आहे, त्याला निकष आहेत. बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ, निदान दोन आठवडे मन उदास असणं किंवा कशातच गोडी न वाटणं. त्यासोबत झोप बिघडणं, भूक बदलणं, थकवा, स्वतःला दोष देत बसणं, लक्ष न लागणं, जगू नये असं वाटणं. आम्ही नऊ प्रश्नांची एक यादी विचारतो, त्यावरून पुढे पाठवायचं की नाही ते ठरतं. आणि यात ‘कशामुळे’ असेलच असं नाही. सगळं सुरळीत असलेल्या घरातही हा आजार होतो. शब्दवेडीताईंनी सांगितलेला फरक मला म्हणूनच पटला. डिस्पिरिटेडला कारण लागतं, डिप्रेशनला लागेलच असं नाही.

उलट बाजूही आहे. कारण दिसतंय म्हणून आजार नाही असं धरून चालता येत नाही. पीक गेलं म्हणून माणूस गप्प झाला, लोक म्हणतात खचलाय, होईल ठीक. महिन्यानंतर तो जेवत नाही, पहाटे तीनला उठून बसतो. तेव्हा तो ‘नुसता खचलेला’ राहिलेला नसतो. आणि आमच्या ओपीडीत येऊन ‘मी उदास आहे’ कोणीच म्हणत नाही. म्हणतात, आंग दुखते, डोकं जड रायते, झोप नाई, टेन्शन हाय. बायका तर हमखास अंगदुखीच सांगतात. मराठीत सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द ‘टेन्शन’ आहे, तुमच्या यादीत तोच नाही.

धुऱ्यावरचा
हे खरं हाय. टेन्शन म्हनलं की झालं, त्यात सगळंच येते.

रोवणी
ताई, पण गावात असं काही सांगितलं की “येडा झाला” म्हणतात. मग कोण येईल तुमच्या उपकेंद्रात?

उपकेंद्रवाली
येतात, सांगणारा ओळखीचा असला तर. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत काही वर्षांपूर्वी विश्राम नावाचा कार्यक्रम झाला. गावातल्याच लोकांना शिकवून त्यांच्याकडून घरोघरी बोलणं आणि पहिली मदत, गरज असेल त्याला डॉक्टर, अशी रचना होती. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ ला लॅन्सेटच्या मानसोपचाराच्या मासिकात ते छापून आलं. २७ म्हणजे अजूनही चारातले तीन बाहेरच, पण सुरुवात कुठून होती ते पाहा.

धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाला गरज असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. स्वतःसाठीच नाही, घरातल्या माणसाबद्दल विचारायलाही लावता येतो. जीव नकोसा झालाय असं कोणी बोलून दाखवलं तर “असं बोलू नये” म्हणून त्याला गप्प करू नका. ऐकून घ्या, त्याला एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा.

मुक्काम पुणे
हे उपयोगी. नंबर गावच्या ग्रुपवर टाकला.

धुऱ्यावरचा
ताई, एक विचारतो. खचलेल्या मानसाले लोक म्हनतात, “हिंमत धर, मी हाय ना.” मंग थो मी कुठंच नसते. त्याच्यापेक्षा दोन हजार उसने दिले तं मानूस लवकर उभा रायते, असं माह्यं मत. तुमचं?

उपकेंद्रवाली
खचलेला असेल आणि कारण दोन हजारांचं असेल तर तुमचंच औषध बरोबर. त्याला गोळी कशाला द्यायची? आजार असेल तर मात्र दोन हजारांनी झोप येणार नाही. तेवढ्यासाठी तपासून घ्यायचं. मला स्वतःला ‘हिंमत धर’ हे वाक्य अजिबात आवडत नाही. ज्याच्याकडे धरायला हिंमत उरलीच नाही त्यालाच ते सांगतात.

वाचनमात्र
डिमॉरलाइज्ड राहिला. आमचे साहेब मीटिंगमध्ये सारखे म्हणतात, स्टाफला डिमॉरलाइज करू नका.

शब्दवेडी
साहेबांचा वापर बरोबर आहे. डिमॉरलाइज्ड हा फौजेला, संघाला, कर्मचाऱ्यांना जास्त शोभतो, कारण त्यात मनोधैर्याची गोष्ट आहे आणि ते गटाचं असतं. गंमत म्हणजे अठराव्या शतकाच्या अखेरीला हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ होता नीती बिघडवणे. सैन्याची हिंमत खचण्याचा अर्थ नंतर लागला. डिस्पिरिटेड एकट्यालाही चालतो, गटालाही. डिजेक्टेड म्हणजे मुळात खाली फेकलेला, तो चेहऱ्यावर जास्त दिसतो. समानार्थीच्या प्रश्नात या सगळ्यांना एका ओळीत बसवतात, परीक्षेपुरतं ते चालवून घ्यायचं. विरुद्धार्थी विचारला तर स्पिरिटेड किंवा चिअरफुल.

पूर्णाकाठ
आज वर्गात हे सगळं थोडक्यात सांगितलं. कारणासकट वाक्यं करा म्हटलं. कापूसवाल्यानं दुरुस्त करून आणलं: आय वॉज डिस्पिरिटेड बाय द प्राइस ऑफ कॉटन, बट माय मदर वॉज नॉट. बाय बरोबर, ‘वॉज’ बरोबर, आईनं पराटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटू दिली नाही हे त्यानं नंतर तोंडी सांगितलं. वडिलांचं वाक्य लिहिणाऱ्यानं मात्र कारण लिहिलं नाही. वाक्य खोडलं आणि ‘टायर्ड’ लिहिलं. मी विचारलं नाही. सुटल्यावर त्याला थांबवून गप्पा मारल्या, उपकेंद्रवाल्या ताईंनी दिलेला टेली मानसचा नंबर त्याच्या वहीत लिहून दिला.

एक शंका उरली. पेपरात मीन-स्पिरिटेड आला होता. पोरांनी त्याचाही अर्थ ‘खचलेला’ लावला.

शब्दवेडी
तो वेगळा. तिथे स्पिरिटेड म्हणजे वृत्तीचा. मीन-स्पिरिटेड म्हणजे कोत्या मनाचा, पब्लिक-स्पिरिटेड म्हणजे लोकांसाठी झटणारा. लो-स्पिरिटेड मात्र पुन्हा आपल्या गटात, उदास. आणि ‘इन हाय स्पिरिट्स’ लिहिताना शेवटचा एस विसरू देऊ नका, त्यावर एक मार्क हमखास जातो.

धुऱ्यावरचा
मास्तर, अभ्यासिकेची वेळ काय हाय? माह्या पुतनीले पाठवतो. तिचा फॉर्म भरून झाला.

पूर्णाकाठ
संध्याकाळी सहा ते आठ. लाइट नसली तर साडेसहापर्यंतच.